जांभळी रेघ

दसऱ्याच्या आधीचे चार दिवस आमचं गॅरेज गॅरेज राहत नाही, धोबीघाट होतो. वर्षभर ज्यांनी बोनेट उघडून पाहिलेलं नसतं, तेही "पूजा आहे, जरा आतनं-बाहेरनं चकाचक करून द्या" म्हणत रांग लावतात. 2025 चा दसरा 2 ऑक्टोबरला, गांधी जयंतीच्या दिवशी आला. आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी पाने-पकडी धुऊन पाटावर मांडायच्या आणि पूजा झाली की हात लावायचा नाही, हा माझ्या उस्तादांचा शिरस्ता. म्हणजे कामाचा शेवटचा दिवस मंगळवार, 30 सप्टेंबर. वडगावातलं आमचं शटर सकाळी नऊला वर केलं, तेव्हा बाहेर पाच गाड्या लागलेल्या. त्यातल्या एका पांढऱ्या हॅचबॅकला टेकून एक उंच, वाळकुडे गृहस्थ तंबाखू मळत होते.

"इंजिन धुवायचंय," ते म्हणाले. "पण पाइप मारून धुणार असशील तर आत्ताच सांग. मी दुसरीकडं जातो."

असा गिऱ्हाईक वर्षात एखादाच. मी त्यांना खुर्ची दिली.

मामा स्वारगेट डेपोतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. पुण्याच्या सिटी बसचं नाव पीएमटी होतं तेव्हापासूनचे. 2007 मध्ये पीएमटी आणि पिंपरीची पीसीएमटी एक होऊन पीएमपीएमएल झाली, ती बोर्ड बदलताना त्यांनी पाहिलेली. आयुष्यभर दुसऱ्याची गाडी चालवली, आता मामींना दवाखान्यात न्यायला-आणायला स्वतःची असावी म्हणून जानेवारीत सेकंडहँड गाडी घेतली. एक लिटरची, तीन सिलिंडरची पेट्रोल. तक्रार म्हणाल तर तीन: इंजिनवर चिकट थर बसलाय, चढावर कसलातरी जळका वास येतो, आणि डॅशबोर्डवरचा तो पिवळा इंजिनाचा दिवा मनाला येईल तेव्हा लागतो, मनाला येईल तेव्हा विझतो.

बोनेट उघडलं. टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावर, हात ठेवला, चटकन काढून घेतला. धायरीहून नुकतीच चालवत आणलेली. तापलेल्या इंजिनाला पाणी लावायचं नसतं. बीडाच्या मॅनिफोल्डला, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांना, गार पाण्यानं तडा जाऊ शकतो आणि फवारलेला डिग्रीझर, म्हणजे तेलकट मळ काढणारं औषध, तिथंच उकळून त्याची वाफ तोंडावर येते. तळहात दहा आकडे मोजेपर्यंत निवांत टेकवता आला पाहिजे, ही माझी पट्टी. "दीड तास लागेल गार व्हायला," म्हटलं. मामांनी मान डोलावली.

त्या दीड तासात मी मळ वाचत बसतो. धुण्यापेक्षा मला खरं ते काम आवडतं. मळ म्हणजे गाडीची वही असते, आणि आपण एकदा ब्रश फिरवला की ती कोरी. तेल गळत असेल तर ओघळ वरून खाली आणि वाऱ्यानं मागे जातो, पंख्यासारखा पसरतो. पंख्याची मूठ जिथं, तिथं गळती. कूलंटचा थेंब वाळला की पांढुरका-हिरवट पापुद्रा उरतो. बॅटरीच्या टर्मिनलवर निळसर भुगा आला असेल तर तो आम्लाचा. उंदराच्या लेंड्या आणि शेंगांची टरफलं दिसली की आधी वायरी तपासायच्या. आणि त्या लेंड्यांवर हवा मारायची नाही, आधी जंतुनाशकानं ओल्या करून, हातमोजे-मास्क घालून उचलायच्या. माझ्या हाताखालचा पोरगा ओंकार नवा होता तेव्हा त्यानं एकदा कॉम्प्रेसरची हवा थेट मारली होती. सगळं आमच्या तोंडावर. लेप्टोचं, म्हणजे उंदरांमुळे होणाऱ्या तापाचं, नाव मी त्याला त्या दिवशी नीट समजावलं.

या गाडीचा मळ मात्र विचित्र होता. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगखाली एक ओला ओघळ होता तो वेगळा. तो उतरून सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर पडत होता, जळक्या वासाचा उलगडा तिथंच झाला. पण बाकी सगळीकडे एकसारखा थर. पाइपवर, वायरिंगवर, अगदी वॉशरच्या पाण्याच्या टाकीवरसुद्धा. तिथं तेल गळून कसं जाईल? याचा अर्थ कुणीतरी फवारलंय. गाडी विकायच्या आधी इंजिनवर डिझेल मारायचं, प्लॅस्टिक काळंभोर आणि नवंकोरं दिसतं. आठवडाभर. मग रस्त्यावरची सगळी धूळ त्यावर येऊन बसते.

"आमच्या डेपोतपण डिझेल मारून फडक्यानं पुसायचे," मामा म्हणाले. "पेट्रोलनं तर एक नंबर निघतं."

मी शर्टाची डावी बाही वर केली आणि त्यांना कोपराखालचा चट्टा दाखवला.

1998 साल, नाना पेठ. मी सतरा वर्षांचा. एका जुन्या फियाटचं इंजिन मी आणि दुसरा एक पोरगा पेट्रोलात ब्रश बुडवून धूत होतो. तेव्हा सगळे तसंच करायचे. अंधार होता म्हणून वायरीला टांगलेला हँडलॅम्प बोनेटला लावलेला, आत साधा शंभरचा बल्ब. ब्रश झटकला, चार शिंतोडे तापलेल्या बल्बवर गेले, बल्ब फुटला. बस, एवढंच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती वर उडून जात नाही, खाली खड्ड्यात साचून राहते. आम्ही तिच्यात गुडघाभर उभे होतो आणि आम्हाला पत्ता नव्हता. पायाखालून भडका आला. उस्तादांनी ओलं गोणपाट टाकलं, वाळूच्या दोन बादल्या ओतल्या आणि मग दोघांच्या कानाखाली एकेक दिली, या क्रमानं. रॉकेल पेट्रोलइतकं पटकन पेटत नाही हे खरं, पण गरम मॅनिफोल्डवर तेही पेटतं, आणि रबराचे पाइप, माउंटिंग फुगवून ठेवतं ते वेगळंच. तेव्हापासून माझ्या गॅरेजात धुण्यासाठी पेट्रोल, रॉकेल, डिझेल काही नाही. पाण्यात मिसळणारा डिग्रीझर, तोही डब्यावर लिहिलंय तेवढाच पातळ करून. तोसुद्धा कॉस्टिकवाला नको, अॅल्युमिनियम काळं पडतं.

मामा चट्ट्याकडे बघत राहिले. मग तंबाखूची पुडी त्यांनी गुपचूप खिशात ठेवली. चुन्याला आग लागत नाही हे त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं.

साडेदहाला इंजिन गार. दहाचा पाना घेऊन बॅटरीचं आधी निगेटिव्ह काढलं. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते, म्हणून हा क्रम. मग दुधाच्या पिशव्या. ओंकारची आई त्या धुऊन, वाळवून साठवते. जाड असतात आणि रबर लावलं की घट्ट बसतात. अल्टरनेटरला एक, फ्यूज बॉक्सला दोन, प्लगवरच्या तीन कॉइलना तीन, कॉम्प्युटरला एक. किती लावल्या ते मार्करनं भिंतीवर लिहायचं आणि निघताना मोजून काढायच्या. एकदा एक राहिली होती, ती सायलेन्सरवर वितळून जो वास सुटला तो गिऱ्हाइकाच्या नाकातून आणि आमच्या नावावरून महिनाभर गेला नाही.

आठवी पिशवी हवेच्या तोंडाला. त्यासाठी एअर फिल्टरचा डबा काढला. डब्याच्या खालची, मडगार्डच्या आतली खाच एरवी कुणाला दिसत नाही. तिथं बोट घातलं.

बोटाला गाळ लागला.

रस्त्याची धूळ चरचरीत असते. हे गव्हाच्या पिठासारखं मऊ, राखाडी-तपकिरी, आणि टॉर्च मारली तर वाळलेल्या तळ्याच्या तळासारखं भेगाळलेलं. असा गाळ उडून येत नाही. तो पाण्यातून येतो, पाणी स्थिर उभं राहिलं की हळूहळू खाली बसतो. वायरिंगचा एक कपलर, म्हणजे दोन वायरींचा जोड, सोडवला. आतल्या पिना हिरव्या. पिवळ्या दिव्याचं कोडं तिथं सुटलं.

सिंहगड रोडवर राहणाऱ्याला तो गाळ कुठला हे विचारावं लागत नाही. 25 जुलै 2024. रात्रभर पाऊस कोसळत होता, खडकवासला धरणातून 35 हजार क्युसेकच्या वर पाणी सोडलं आणि पहाटे मुठा नदी एकता नगरीतल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये आली. माणसं बोटींतून काढली. गाड्या कोण काढणार? पुढच्या पंधरा दिवसांत माझ्याकडे अकरा आल्या, सगळ्या टो करून. चालवत आणू नका, चावीसुद्धा फिरवू नका म्हणून मी फोनवर घसा फोडून सांगत होतो. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल आणि स्टार्टर मारला तर पाणी काही दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

तर ही बाराव्या कुणाची असणार, मी मनाशी म्हटलं, आणि बॅटरीच्या ट्रेखालचा अर्थिंगचा बोल्ट बघायला वाकलो. अर्थिंग गंजलं असेल तर दिव्यांची फडफड होते. चिकट थर बोटानं पुसला.

बोल्टच्या डोक्यावरून खाली पत्र्यावर उतरलेली एक रेघ. जांभळी.

आता हे सांगायला हवं. बोल्ट पूर्ण आवळला की त्यावरून पत्र्यापर्यंत रंगाची एक रेघ ओढायची, बोल्ट जरा जरी सैल झाला तरी रेघ तुटलेली दिसते, ही जुनी युक्ती. कुणी पांढरा मार्कर वापरतं, कुणी पिवळा. मी नेलपेंट वापरतो. बायकोनं तुळशीबागेतून आणलेली, घरी आल्यावर "शी, वांग्यासारखा रंग आहे" म्हणून टाकून दिलेली बाटली. तेलाला दाद देत नाही, वर्षानुवर्षं टिकते. ही गाडी बाराव्या कुणाची नव्हती.

रजिस्टर काढलं. 27 जुलै 2024, नंबर तोच. शेरा माझ्याच अक्षरात: 'पाणी सीटपर्यंत.' तेव्हा सीट कव्हर लाल होती, आता काळी. आणि पुण्यात पांढऱ्या हॅचबॅक काय कमी आहेत? मालकाचा फक्त थर्ड पार्टी विमा, क्लेम मिळणार नव्हता, बिचारा रडकुंडीला आलेला. मी तीन वेळा ऑइल बदललं, कार्पेट काढून उन्हात टाकली, आणि सगळ्यात शेवटी इंजिन असं धुतलं की शोरूममध्ये उभं करावं. "विकू नका, विकलीत तर सांगून विका," एवढं बोललो होतो. बोललो होतो म्हणजे काय, आणखी दोन गाड्या वाट बघत होत्या, त्या गडबडीत एक वाक्य टाकलं होतं.

मामा बाहेर ओंकारला ब्रेक कसा लावावा यावर व्याख्यान देत होते. मी त्यांना आत बोलावलं.

"मामा, गाडी घेताना एजंट काही बोलला होता का? पाण्याबद्दल?"

"कसलं पाणी?"

"ही पुरात होती. सीटपर्यंत."

"कुणी सांगितलं तुला?"

"मीच धुतली होती."

त्यांनी काही उत्तर दिलं नाही. खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावरून खाली घेतला, बराच वेळ अंगठ्यानं वर-खाली केलं आणि माझ्यासमोर धरला. एजंटनं जानेवारीत पाठवलेले फोटो. पहिला समोरून, दुसरा डॅशबोर्ड, तिसरा इंजिनाचा. लखलखीत. कोपऱ्यात निळी बादली अर्धी आलेली, कडीला काथ्याची दोरी. ती बादली आत्ता माझ्या पायाशी होती. तो फोटो मी काढला होता; काम झालं म्हणून आधीच्या मालकाला पाठवलेला, आणि दिवसभर स्वतःच्या स्टेटसलाही मिरवलेला.

"हा बघून घेतली," मामा म्हणाले. "बाकी काही बघितलंच नाही. म्हटलं, इंजिन एवढं निगुतीनं ठेवलंय म्हणजे माणूस नीट असणार."

ओंकार दारात उभा होता. त्याला मी चहा आणायला पाठवलं, आमच्याकडे चहा आलेला असूनही.

आता पेच असा: धुवायची की नाही? गाळ ठेवावा तर तो ओल धरून ठेवतो, पिना आणखी कुजतात. काढावा तर मामांच्या हातातला पुरावा मी दुसऱ्यांदा धुऊन टाकणार. शेवटी आधी फोटो काढले. खाचेतला गाळ, हिरव्या पिना, जांभळी रेघ, रजिस्टरचं पान. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते हे मला ठाऊक होतं, ते सांगितलं. लागली तर साक्ष द्यायला येईन, हेही. मामा "हं" एवढंच म्हणाले. मग उठले, बाह्या सरसावल्या आणि म्हणाले, "ब्रश दे एक."

धुतली आम्ही तिघांनी. खालपासून वरपर्यंत डिग्रीझर फवारला. वरून मारलं तर ओघळ खाली येऊन डाग पडतात. बेल्टवर थेंब जाऊ दिला नाही, बेल्ट घसरायला लागतो. पाच मिनिटं मुरू दिला, सुकू न देता. मोकळ्या जागी रंगाचा दोन इंची ब्रश, सांदीकोपऱ्यात दात घासायचे जुने ब्रश. मामांचा हात पाहण्यासारखा होता. ब्रश घासत नव्हते, टेकवून फिरवत होते, दाढी केल्यासारखा. खाली पत्र्याचा ट्रे आणि शेजारच्या सुताराकडचा भुसा, कारण आमची गटार शेवटी मुठेलाच जाते आणि एवढं झाल्यावर तिला आणखी तेल पाजायची इच्छा नव्हती.

पाणी मारायला आमच्याकडे शेतातला फवारणीचा पंप आहे, पाठीवर अडकवायचा. सगळे हसतात त्याला. वॉशिंगवाल्यांच्या मशिनचा दाब 100 बारच्या आसपास जातो. तो मडगार्डच्या चिखलाला ठीक, इंजिनला नाही. मागे एक मोठी डिझेल गाडी आली होती, मालकानं कुठंतरी तसल्या मशिननं आतून धुवून घेतलेली. कपलरच्या रबरी सीलमधून पाणी आत शिरलं होतं आणि गाडी भर चौकात बंद पडलेली. पंपाचं पाणी पावसाच्या भुरभुरीसारखं पडतं, मळ खाली घेऊन जातं आणि पिशवीच्या गाठीत शिरत नाही.

खाचेतला गाळ मी शेवटी काढला. चमच्यानं. मामांनी तो कागदाच्या पुडीत घेतला.

कॉम्प्रेसरची हवा दाब कमी करून फिरवली, बोनेट उघडं ठेवून गाडी तासभर उन्हात लावली. पिशव्या मामांनी मोजल्या, तिकिटं मोजणाऱ्या कंडक्टरसारख्या: "आठ. भिंतीवर आठ. बरोबर." दरम्यान टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, ते दगडासारखं कडक झालं होतं. कपलर एकेक सोडवून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, पिनांचा हिरवा रंग बराचसा गेला. बराचसाच. बॅटरी लावताना उलट क्रम, आधी पॉझिटिव्ह. चावी फिरवली, पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवली. आवाज स्वच्छ, दिवा विझलेला.

"पुन्हा लागेल, मामा," मी म्हटलं. "आज ना उद्या. पावसाळ्यात तर नक्की. पिना आतून खाल्ल्यात, वायरिंगचा तो तुकडा बदलावा लागेल. मजुरी घेणार नाही."

"मजुरी घ्यायची," ते म्हणाले. "आणि बिल दे. पक्कं."

मी बिल लिहायला घेतलं. इंजिन क्लीनिंग, टॅपेट पॅकिंग, कपलर सफाई.

"वर लिही ना आधी."

"काय?"

"सीटपर्यंत. तुझ्या वहीत लिहिलंय तसं. तारीख घाल. माझा पोरगा उद्या ही विकायला काढेल, त्याला आठवेल न आठवेल."

लिहिलं. 'ही गाडी 25 जुलै 2024 च्या पुरात सीटपर्यंत पाण्यात होती.' सही केली, शिक्का मारला. त्यांनी तो कागद चार घड्या करून आरसीच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवला आणि गाळाची पुडी शर्टाच्या खिशात, तंबाखूच्या शेजारी.

अर्थिंगचा बोल्ट मी काढून, घासून पुन्हा आवळला होता, त्यामुळे जुनी रेघ तुटली होती. नेलपेंटची बाटली सुकत आलेली. ओंकारनं थिनरचे दोन थेंब टाकून ती हलवली आणि मी जुन्या रेघेच्या शेजारी नवी ओढली. मामा वाकून बघत होते.

"हे काय, बायकांचं नेलपॉलिश?"

"हो."

"मग उद्या पान्यांबरोबर पाटावर हिलापण ठेव," ते गाडीत बसता बसता म्हणाले. "आणि रंग जरा बरा आण पुढच्या वेळी."